काकांचा खांदा

रविवारी सकाळी पुतण्याचा फोन आला तेव्हा मी स्पीकर चालू ठेवून शेंगा सोलत होतो. त्यामुळे पुढचा सगळा घोटाळा आमच्या हिच्या कानावर पहिल्या वाक्यापासून पडला.

"काका, सेमी-ऑटोमॅटिक घ्यायची म्हणतोय. हलकी. तुमचं मत काय?"

"मुळीच घेऊ नकोस," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "सेमीत दर वेळी वाकून एका टबातले कपडे दुसऱ्या टबात टाकावे लागतात. फुल्ली ऑटोमॅटिक घे. आणि हलकी कशाला? उचलून का न्यायचीय?"

"हो काकू. दिवसभर उचलूनच न्यायचीय. डोंगरावर."

हिने गॅस बारीक केला. "तिकडे अजून नदीवर धुतात?"

पुतण्या नेवाडा राज्यात रीनोला असतो. आठवडाभर संगणकासमोर बसतो आणि अलीकडे शनिवार-रविवार पक्ष्यांच्या शिकारीला जातो. रीतसर परवाना काढून, भगवी टोपी घालून, दिवसाला सहा पक्ष्यांची मर्यादा पाळून. ही मर्यादा त्याने अजून एकदाही ओलांडलेली नाही, कारण पहिला पक्षीच पडायचा आहे. दोष बंदुकीच्या वजनाचा, असं त्याचं निदान. आता छर्ऱ्याची हलकी, अर्धस्वयंचलित बंदूक हवी. म्हणजे चाप एकदा ओढला की एकच बार, पण रिकामं काडतूस बाहेर फेकून पुढचं आत घेण्याचं काम ती आपलं आपण करते. वाकावं लागत नाही. हे ऐकल्यावर हिचा सेमीबद्दलचा राग जरा निवळला.

"पण मला कशाला विचारतोस?"

"आपल्या घराण्यात शिकार आहे ना, काका. पणजोबांनी वाघ मारला होता. शिवाय तुमची सूनबाई म्हणाली, घरातलं कुणी जाणतं माणूस हो म्हणालं तर घे."

म्हणजे ज्याला मराठीत दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात, ते इथे अक्षरशः चाललं होतं. खांदा माझा, बंदूक इटलीची, आणि समोर सूनबाई.

घराण्यातल्या शिकारीविषयी खुलासा करणं भाग आहे. आमच्याकडे एक दुनळी आहे. मुळशीतल्या भातशेतीत रानडुकरं शिरायची म्हणून आजोबांनी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती घेतली. वडिलांनंतर परवाना माझ्या नावावर आला आणि मी बावधनला राहायला आल्यावर बंदूकही इथे आली. (बावधन म्हटलं की लोक हटकून बगाडाचं विचारतात. ते वाईजवळचं. आमच्या बावधनला लोक लटकतात ते चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये.) पूर्वी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत, 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन. आमच्याकडे एक आहे आणि तीही जास्तच आहे. वडिलांनी ठेवलेली खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं केव्हाच बाद झाली. तिचं माझ्या हातून घडलेलं कार्य एकच: निवडणूक लागली की पोलिसांत जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. तालुका मुळशी, महापालिका पुणे, पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवड, असं आमच्या गावाचं त्रांगडं आहे. त्यामुळे निवडणुकांना तोटा नाही. बंदूक वाहून नेण्याचा अनुभव म्हणाल तर मी खरोखरच जाणता आहे. झाडण्याचा विचारू नये.

तरी मी मनावर घेतलं. पहिली पायरी म्हणून आमच्या दुनळीचं वजन केलं. वजनकाट्यावर बंदूक घेऊन उभा राहिलो, मग बंदुकीशिवाय. पहिल्यांदा फरक साडेतीन किलो आला, दुसऱ्यांदा दोन किलो नऊशे. मधल्या वेळात चहा आणि दोन खारी झाल्या होत्या. सरासरी काढून लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी लष्कर भागातल्या एका ओळखीच्या बंदूकवाल्याकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक नसल्यामुळे त्याने मला शाळेत घातलं. बारा बोर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती. वीस केल्या तर गोळी लहान, म्हणून नळीही लहान. आकडा वाढला की भोक बारीक, जसं इंजेक्शनच्या सुईचं. बारा बोरची नळी साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास, वीसची साडेपंधराच्या. हलक्यातली बारा बोर पावणेतीन-तीन किलोंची, वीस बोरची अडीचच्या आसपास.

"मग वीसच घ्यावी," मी म्हणालो.

"घ्यावी की," तो म्हणाला. "पण बंदूक जितकी हलकी, तितका दणका जास्त. छर्रे पुढे जाणार, तर बंदूक मागे येणार. जड असली तर सावकाश येते, हलकी असली तर तरातरा येते. वीसमध्ये छर्रे कमी, म्हणून जरा बरं. वाहताना वाचवलेलं वजन झाडताना खांद्यावर व्याजासकट वसूल होतं."

आता यंत्र. यात दोन पंथ आहेत आणि त्यांचं एकमेकांशी शैव-वैष्णवांइतकं पटतं. पहिला गॅसवाला. बार झाला की नळीतल्या एका छिद्रातून थोडा गॅस बाहेर काढतात, तो दट्ट्या मागे ढकलतो, दट्ट्या पुढचं सगळं करतो. दणका मऊ लागतो, पण काजळी साठते आणि साफसफाई फार. दुसरा इनर्शियावाला. यात गॅसबिस काही नाही. दणक्याने अख्खी बंदूक मागे येते, आतला जड खटका मात्र एसटीने ब्रेक लावल्यावर उभा प्रवासी करतो तसं करतो, म्हणजे जिथल्या तिथे राहू पाहतो. त्या ओढाताणीत मधली स्प्रिंग दबते आणि सुटताना खटका उघडते. भाग कमी, म्हणून वजन कमी. ही युक्ती इटलीतल्या ब्रुनो चिवोलानी यांची. ती 1967 साली उर्बिनोला सुरू झालेल्या बेनेलीच्या बंदूक कारखान्याने उचलली. मूळची बेनेली मोटरसायकलवाली. 1911 साली पेझारो गावात तेरेझा बेनेली या विधवा बाईंनी सहा मुलं रिकामी बसू नयेत म्हणून होतं नव्हतं ते घालून त्यांना गॅरेज काढून दिलं, तिथून सुरुवात. मला त्या बाई एकदम ओळखीच्या वाटल्या. पुण्यात असत्या तर पोरांना पिठाची गिरणी टाकून दिली असती. आता ही बेनेली बेरेटाच्या कुटुंबात आहे आणि बेरेटाचा पहिला कागद 1526 सालचा, व्हेनिसला विकलेल्या 185 नळ्यांचा. त्याच साली पानिपत झालं. आपलं नव्हे, पहिलं.

"फक्त एक सांगून ठेवा," बंदूकवाला निघताना म्हणाला. "इनर्शियाला खांदा नीट द्यावा लागतो. ढिला दिला तर पुढचं काडतूस चढत नाही."

हे मी घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "खांदा द्यायची भाषा तिन्हीसांजेला नको."

रात्री पुतण्याला मी अहवाल दिला आणि सहज विचारलं, पक्षी कुठला?

"चकर," तो म्हणाला. मग स्पेलिंग सांगितलं. मग फोटो पाठवला. गळ्याभोवती काळी पट्टी, लाल चोच, कुशीवर पट्टे.

"अरे, हा चकोर!"

मला अर्धा मिनिट बोलवेना. ज्ञानेश्वरीपासून ज्याने मराठीत फक्त चंद्राचे किरण खाल्ले, तो चकोर नेवाडात गवत खातो आणि आमच्या घरातला मुलगा त्याच्यावर छर्रे झाडतो! अधिक माहिती काढली तर प्रकरण आणखी घरगुती निघालं. अमेरिकेत चकोराच्या पहिल्या पाच जोड्या 1893 साली इलिनॉयला गेल्या त्या कराचीहून, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे पक्षी आपल्याच इलाख्यातून परदेशी गेलेला, तिथे स्थायिक झालेला, नातवंडं-पतवंडं असलेला. पुतण्याचं ग्रीनकार्ड अजून रांगेत आहे. गंमत म्हणजे मराठीने ज्या पक्ष्यावर एवढं चांदणं सांडलं, तो महाराष्ट्रात आढळतच नाही. हिमालयाच्या उतारांवरचा तो. आमच्याकडे चांदणी चौक आहे, चकोर नाही.

नेवाडातले चकोर खडकाळ चढांवर राहतात. माणूस दिसला की चढावर पळत जातात आणि माणूस धापा टाकत वर पोचला की उडून खाली उतरतात. तिकडच्या शिकाऱ्यांत म्हण आहे की चकोराच्या मागे माणूस पहिल्यांदा हौसेने जातो आणि नंतर सूड घ्यायला. आता हलक्या बंदुकीचं कारण कळलं. बार दिवसातून दोन, वाहायची दहा तास.

हे प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय सल्ला देणं मला पटेना. दुनळी घेऊन बावधनच्या टेकडीवर जाणं शक्य नव्हतं. पलीकडे एनडीएचं रान आहे आणि अलीकडे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. घरात शोधाशोध करताना माळ्यावर आजीचं मुसळ सापडलं. वजन पावणेतीन किलो, लांबी बंदुकीएवढी. पहाटे सहाला ते खांद्यावर टाकून निघालो.

टेकडीवर मला सात जणांनी हटकलं. त्यातले दोघे योगवाले होते, त्यांना वाटलं हा नवा प्रकार आहे आणि त्यांनी वर्ग कधी असतो ते विचारलं. पहिल्या चढाला मुसळ काहीच वाटत नाही. दुसऱ्याला ते खांदा बदलायला लावतं. तिसऱ्याला त्याचं वजन कुणीतरी गुपचूप वाढवतं. वाळलेल्या गवतातून गेल्यामुळे हातात मुसळ आणि मोज्यांत कुसळं, अशी अवस्था झाली. म्हणीतल्या दोन्ही वस्तू मी एकाच वेळी बाळगून होतो.

आणि तेवढ्यात पायाखालून तित्तिर उडाला. तित्तिर उडतो म्हणणं चूक आहे, तो फुटतो. फर्रर्र असा आवाज, तपकिरी काहीतरी, आणि काळजाचा एक ठोका कमी. मी मुसळ खांद्याला लावेपर्यंत तो रामनदीकडच्या उतारावर पोचून निवांत बोलू लागला होता. हे बरंच झालं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आता इकडे तित्तिरावर काही रोखलं तर पक्ष्याच्या आधी माणूस पिंजऱ्यात जातो. मुसळाला कायदा लागू आहे का, हे मी विचारलेलं नाही.

झुडपामागून एक तरुण उठला. हिरवे-तपकिरी कपडे, तशीच टोपी, आणि हातात बंदुकीपेक्षा भीषण दिसणारी लेन्स.

"काका, मिस केलात ना? मीपण. ही लेन्स तीन किलोंची आहे, वळेपर्यंत गेला."

"मग हलकी घ्यायची."

"हलकी हातात थरथरते. आता मिररलेस घेणारे. सेकंदाला वीस शॉट."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. वजन, दणका, थरथर, शॉट. रीनोचा पुतण्या आणि हा, दोघांचं बोलणं शब्दाला शब्द तेच, आणि पिशवीत पडलेले पक्षीही तेवढेच. सलीम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं, आणि तिथून भारतातलं पक्षिनिरीक्षण बहरलं. त्यांचा निदान नेम तरी लागला होता.

बावधनला नेमाची परंपराच नाही. 2022 च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला जुना पूल मध्यरात्री स्फोटाने उडवला. आम्ही गच्चीवर जमून ऐकला तो बार. धूळ बसल्यावर पुलाचा बराच भाग उभाच. उरलेलं काम पोकलेनने केलं.

घरी येऊन खांद्याला बाम चोळत होतो, तर सूनबाईचा फोन.

"काका, तुम्ही त्याला घे म्हणालात म्हणे."

दणका यायचाच होता. मी खांदा घट्ट केला. "मी फक्त वजनाचं बोललो. वीस बोर, इनर्शिया, अडीच किलो."

"तुम्ही कशी ठरवलीत?"

"मुसळावरून."

पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "वीस बोर मलाही झेपेल ना? परवा रेंजवर मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला शिकवलं. माझ्या पंचवीसपैकी सोळा फुटल्या. त्याच्या चार. मला तबकड्याच बऱ्या, चकोर नको. बिचारा चांदणं पिणारा." मी हुंकार भरला. तो गवत खातो हे सांगायची ती वेळ नव्हती. "पण एक खरं सांगा काका. तुमच्या आजोबांनी वाघ मारला होता?"

हिने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. आजीने ती गोष्ट हिला लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सांगितलेली.

"वाघ नव्हता," मी म्हणालो. "रानडुक्कर होतं."

"मारलं?"

"बार लागला शेजाऱ्यांच्या पेंढ्याच्या उडवीला. दणक्याने आजोबांचा खांदा निखळला. पंधरा दिवस हळदीचा लेप."

मागून पुतण्याचा "काका!" असा आर्त आवाज आला.

"मग पुढे डुकरांचं काय केलंत?"

"पुढे आजी राखणीला जायची. डबा वाजवायची. एकही डुक्कर परत शेतात शिरलं नाही."

"कसला डबा?"

"डालड्याचा," मी म्हणालो. "रिकामा. अगदी हलका."