अटलांटिकवर घोरू नये म्हणून

सर्वांत आधी, तुम्ही घोरता हे मान्य करा. "जरा श्वास जड होतो, एवढंच" हे वाक्य घरातही कुणी ऐकून घेत नाही, आणि विमानात तर साक्षीदार तीनशे असतात. मुंबईहून न्यूयॉर्कच्या दिशेने थेट निघालात तर सोळा तासांच्या आसपास बसायचे आहे. नातवंड बघायला निघालेला माणूस त्यात कुठेतरी पेंगणारच.

सीपॅप तुमच्याकडे आहे असे गृहीत धरतो. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेले हे यंत्र. खोलीतलीच हवा ओढून ते ठरावीक दाबाने नाकात सोडते आणि घसा उघडा ठेवते. १९८०च्या सुमारास सिडनीत कॉलिन सलिव्हन या डॉक्टरने व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून पहिला प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तुमच्या नाकाशी बांधलेल्या वस्तूचा पूर्वज केर काढत होता, ही माहिती शेजारच्या प्रवाशाला आपणहून देऊ नये.

विमानातल्या त्या एका रात्री यंत्र लावायचे की नुसते बसून काढायचे, हे डॉक्टरांना विचारा, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला नको. लावा किंवा न लावा, यंत्र केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवा. मोठ्या बॅगेत टाकलेत आणि ती बॅग दोहा फिरायला गेली, तर पुढचे चार दिवस मुलाच्या घरात कुणीच झोपणार नाही.

अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत असे वैद्यकीय उपकरण हातातल्या सामानाच्या मोजणीत धरत नाहीत, तिथला तसा नियमच आहे. ही बातमी घरात जपून सांगा. एक जास्तीची बॅग फुकट जाते हे कळताच नळीच्या वेटोळ्यात भाजणीची पिशवी आणि मास्कखाली गोडा मसाला दिसू लागतो. सवलत यंत्राला आहे, भाजणीला नाही. शिवाय मसाल्याच्या शेजारी महिनाभर ठेवलेला मास्क नाकाला लावून पाहा म्हणजे समजेल.

आता कागद. डॉक्टरांचे इंग्रजी पत्र, सही आणि शिक्क्यासह. आपल्याकडे शिक्क्याशिवाय पत्राला वजन नसते आणि हा समज विमानतळावरही कामी येतो. विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा. फोनवरची मुलगी लगेच विचारेल, व्हीलचेअर पण हवी का? रोज सकाळी पर्वती चढणारे आईवडील इंग्रजीच्या धास्तीने 'हो' म्हणून मोकळे होतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तुम्ही यंत्राचे बोला. मॉडेल नंबर विचारतील. यंत्राच्या पाठीवर किंवा पुस्तिकेत विमानात वापरता येते असे लिहिलेले असते, सोबत आरटीसीए, डीओ-१६० अशी अगम्य अक्षरे असतात. अर्थ विचारू नका, त्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

यानंतर बॅटरी, आणि इथे नवशिके गळतात.

विमानात लिथियम बॅटरी मोजतात वॉट-तासांत. बॅटरीवर आकडा नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करा: २४ गुणिले ४ म्हणजे ९६. शंभरपर्यंत चालते. शंभर ते एकशेसाठ असेल तर कंपनीची परवानगी लागते आणि जादा बॅटऱ्या दोनच नेता येतात. एकशेसाठच्या वर नाव काढू नका. लोडशेडिंगच्या काळात घेतलेली इन्व्हर्टरची बॅटरी अजून चांगली चालते, हे खरे असेल, पण ती घरीच चालू द्या. जादा बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, टोके झाकून हातातच न्यायची. जानेवारी २०२५मध्ये बुसानच्या विमानतळावर उभे असलेले एअर बुसानचे विमान जळाले. संशय पॉवर बँकेवर गेला आणि तेव्हापासून हा विषय काढला की कर्मचाऱ्यांचे चेहरे बदलतात. त्यात वर अमेरिकी नियमाप्रमाणे कंपनी तुमच्याकडे प्रवासाच्या दीडपट वेळ पुरेल इतकी बॅटरी मागू शकते. सोळाचे दीडपट चोवीस. हा हिशोब तिकीट काढण्याआधी करा, रांगेत उभे राहून नको.

उपाय आहे. यंत्राची हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर बंद करा. हवेचा दाब निर्माण करायला यंत्राला फारशी वीज लागत नाही. ती खाते पाणी गरम करणारी पट्टी आणि तापणारी नळी. ही दोन बंद केली की एक बॅटरी साधारण एक रात्र काढते. विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असल्याने नाकाची साले निघतील, त्यासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब जवळ ठेवा. टाकीतले पाणी निघण्याआधी ओतून टाका. भरल्या टाकीसह यंत्र आडवे झाले की पाणी मोटरमध्ये जाते, आणि मग ते वॉरंटी कार्ड हुडकणे आले, जे कधीच सापडत नाही.

सीटखालचा प्लग आहे की, असे म्हणाल. असतो, कधीकधी. ११० व्होल्टचा, बहुतेकदा ७५ वॉटच्या आसपासच्या मर्यादेचा. यंत्राचा अॅडाप्टर १०० ते २४० व्होल्ट चालवतो, तेव्हा व्होल्टेजची काळजी नको. पण ह्युमिडिफायर चालू राहिला आणि ओढ वाढली की प्लग मुकाट्याने बंद पडतो. शिवाय वापरून वापरून त्याची भोके इतकी सैल झालेली असतात की मधल्या सीटवरच्या माणसाने पाय हलवला की तुमचा श्वास सुटतो.

सुरक्षा तपासणीत यंत्र बॅगेतून बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवायचे. मास्क आणि नळी आत राहिली तरी चालते. यंत्र उघड्या ट्रेवर नको असेल तर स्वच्छ पारदर्शक पिशवी न्या. मुंबईत सीआयएसएफचा जवान विचारेल, "अंकल, ये क्या है?" इथे घशाचे स्नायू, ऑक्सिजनची पातळी वगैरे सुरू करू नका. "सोने का मशीन" असे तर मुळीच म्हणू नका, पुढचा प्रश्न कस्टमवाला विचारेल. "मेडिकल है, साँस का" एवढे पुरते. मागे उभी असलेली बायको तेवढ्यात "खूप घोरतात हो" असे सांगेल, त्याला इलाज नाही.

विमानात चढलात की यंत्राचा एअरप्लेन मोड चालू करा. हो, फोनसारखा यालाही असतो, कारण आत मोडेम बसवलेला असतो आणि तो रोज सकाळी तुमची चहाडी डॉक्टरांकडे करतो. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी यंत्र बंद, सीटखाली. केबिनमधला दाब सात-आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखा असतो. नवी यंत्रे ते आपोआप सांभाळून घेतात, जुन्या यंत्रात आधी विचारून घ्या.

जेवण झाल्यावर मास्क बांधा, आधी नको. वाइन फुकट असली तरी नको, तिने घसा आणखी सैल पडतो. मग दिवे मंद होतात आणि खरी परीक्षा येते, ती लाजेची. आवाजाचे विचाराल तर इंजिनांच्या घरघरीत तुमच्या यंत्राचा आवाज तुम्हालासुद्धा येणार नाही. पण पलीकडच्या रांगेतले लहान पोर सीटच्या फटीतून टक लावून बघत राहील. शेजारचे काका हलकेच विचारतील, "ऑक्सिजन लावलाय का? किती टक्के आहे?" ऑक्सिजन नाही, साधीच हवा आहे, हे एकदाच सांगा आणि डोळे मिटा. दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलेत की नाकातली हवा तोंडावाटे निसटते, मास्क फुरफुरतो आणि काका हवाईसुंदरीला बोलावतात. वरून पिवळे मास्क खाली आलेच, तर आपला काढून तो लावा. दोन्ही लावायचा प्रयत्न करू नये.

झोप लागेल याची हमी नाही. पण निकालाची चिंता नको. रेसमेड कंपनीच्या यंत्रांचे मायएअर नावाचे अॅप रोज शंभरपैकी गुण देते. त्यातले सत्तर केवळ यंत्र किती तास लावले याचे, वीस मास्कला गळती नसल्याचे, बाकीचे दहा किरकोळ. तुम्ही जागे होता की झोपेत, हे तिथे कुणी विचारत नाही. मास्क घट्ट बांधून सात तासांत तीन हिंदी सिनेमे पाहिलेत, काकांच्या मुलीच्या लग्नाची सगळी हकीकत मान हलवत ऐकलीत, तरी डोळे लाल आणि गुण नव्वदीच्या पुढे. उतरल्यावर एअरप्लेन मोड काढलात की हा निकाल पुण्यात डॉक्टरांपर्यंत पोचेल, आणि पुढच्या भेटीत ते म्हणतील, "प्रवास मानवलेला दिसतोय तुम्हाला."