गच्चीवरचे बागायतदार

निवृत्तीनंतर पुण्यातला माणूस एक तर पहाटे पर्वती चढायला लागतो, नाहीतर ज्येष्ठ नागरिक संघात जातो, नाहीतर सोसायटीच्या कमिटीवर येतो. अलीकडे चौथा प्रकार निघाला आहे. हा गच्चीवर जातो आणि तिथेच रमतो. जेवायला त्याला तीनदा हाका माराव्या लागतात. खाली येतो तेव्हा त्याच्या चपलांना कोकोपीट असतं आणि तोंडी नत्र-स्फुरद-पालाश.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे ‘बागायतदार’ म्हणतात. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर कुणीतरी थट्टेनं तसं लिहिलं होतं. ती पावती त्यांनी जपून ठेवली आहे. उभी हयात बँकेत गेली, त्यातली बरीचशी ग्रामीण शाखांत पीककर्जाच्या टेबलावर. सातबारा आणा, आठ अ आणा, ना-हरकत दाखला आणा, जामीनदार आणा. ‘यंदा पीक का गेलं?’ हा प्रश्न समोरच्या शेतकऱ्याला त्यांनी ज्या आवाजात विचारला असेल, तो आवाज अजून शाबूत आहे. आता ते तो टोमॅटोच्या रोपांपुढे वापरतात.

सुरुवात झाली जुलै 2023 मध्ये. टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला होता. नारायणगावच्या बाजारात 20 किलोचं क्रेट दोन हजारांवर जात होतं, आणि जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं महिन्याभरात कोटीच्या वर कमावल्याची बातमी पेपरात आली होती. बागायतदारांनी ती कापून फ्रिजला चिकटवली. दोनच महिन्यांपूर्वी, मे महिन्यात, त्याच टोमॅटोला तोडणीची मजुरी सुटत नव्हती आणि लोकांनी माल रस्त्यावर ओतला होता. तीही बातमी त्याच पेपरात होती, पण फ्रिजवर जागा एकाच कात्रणाची.

‘आजपासून या घरात टोमॅटो विकत यायचा नाही,’ त्यांनी जाहीर केलं.

‘मग आजच्या आमटीत काय घालू?’ काकूंनी विचारलं. धोरणात्मक निर्णय घेणाऱ्यानं असल्या किरकोळ प्रश्नांकडे लक्ष द्यायचं नसतं.

खरेदी झाली. ग्रो बॅग, कोकोपीटच्या विटा, गांडूळखत, निंबोळी पेंड, पिवळे चिकट सापळे, मातीचा सामू मोजायचं यंत्र आणि उन्हाची टोपी. कर्जदाराच्या हातची एक पावती कमी पडली तर फाइल परत पाठवणारा हा माणूस; पण या खात्यातली एकही पावती घरात सापडत नाही. काकूंनी शोधून पाहिलं आहे.

शेतकरी व्हायला वेळ लागतो, पण शेतकऱ्यासारखं बोलायला एक आठवडा पुरतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. रोपं चार पानांवर होती आणि हे लिफ्टमध्ये म्हणत होते, ‘यंदा पावसाचं काही खरं नाही.’ मजूर मिळत नाहीत अशी त्यांची तक्रार असते. मजूर म्हणजे आमचा वॉचमन, आणि तो सोसायटीच्या पगारावर असतो.

हा वॉचमन जुन्नर तालुक्यातला. गावाकडे दीड एकर टोमॅटो आहे, ते त्याचा भाऊ बघतो. बागायतदारांनी त्याला ही माहिती कधी विचारली नाही आणि त्यानंही आपण होऊन सांगितली नाही. ती आम्हाला मागाहून, चहा पिताना कळली. तोवर बागायतदार त्याला रोज टोमॅटो शिकवत होते. तो ‘हो साहेब’ म्हणत असे आणि ते पाठमोरे झाले की खोडाला काठी रोवून सुतळीनं झाड सैलसर बांधून ठेवत असे. पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारी बगलफूट खुडायची असते, नाहीतर झाडाचा जोर फांद्यांवर जातो. बागायतदारांचा हात धजत नसे. ‘जिवंत फांदी आहे रे!’ म्हणायचे. वॉचमन ती रात्रपाळीत खुडायचा. झाडं सुधारली. श्रेय जीवामृताला गेलं.

जीवामृताची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण तिचा वास अजून जिन्यात आहे. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून ते आंबवायचं. शेतावर दोनशे लिटरचा ड्रम असतो, यांनी धुणं भिजवायची बादली घेतली. चेअरमननी आधी ‘स्लॅबचं वॉटरप्रूफिंग’ या विषयावर नोटीस काढली होती, नंतर ‘दुर्गंधी’ या विषयावर काढली. सर्वसाधारण सभेत बागायतदार उभे राहून म्हणाले, ‘या देशात शेतकऱ्याच्या बाजूनं कुणीच नाही.’ दोन-तीन सभासदांनी टाळ्या वाजवल्या. ते तळमजल्यावर राहतात.

मग झाडं माजली. शेतकरी असंच म्हणतात: नत्र जास्त झालं की झाड माजतं, अंगानं वाढतं आणि फूल धरत नाही. पुरुषभर उंच झाडं आणि फुलं दोन. त्या दोन फुलांवर मग बागायतदारांनी सगळं लक्ष केंद्रित केलं. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, फूल हललं की पराग सुटतो. शेतात हे काम वारा आणि भुंगे फुकट करतात. यांनी मुलानं अमेरिकेहून पाठवलेला विजेवरचा टूथब्रश काढला. सकाळी आठ वाजता, शेजारच्या इमारतीतली शाळकरी मुलं खिडकीत उभी असताना, एक सद्गृहस्थ झाडाचे दात घासत आहेत हे दृश्य आम्ही बरेच दिवस पाहिलं. फळ मात्र धरलं. हे मान्य करायला हवं.

आणि धरलेल्या फळाचं बूड काळं पडलं! पाणी कधी बादलीभर, कधी दोन दिवस अजिबात नाही, असं झालं की मुळांकडून फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि बूड सडतं. ‘साहेब, पानी रोज येका टायमाला द्या, एवढंच,’ वॉचमन म्हणाला. इतका साधा उपाय बागायतदारांना अर्थातच पटला नाही. त्यांनी कुठेतरी अंड्याच्या टरफलांचं वाचलं. घर कडक शाकाहारी, देव्हाऱ्यात चार पिढ्यांचे देव. रात्री साडेदहाला ते दुसऱ्या मजल्यावर आले आणि कुजबुजत म्हणाले, ‘तुमच्याकडे टरफलं निघतात का हो?’ त्या मजल्यावर तेव्हापासून त्यांच्या आहाराविषयी वेगळंच बोललं जातं. टरफलातलं कॅल्शियम मातीत उतरायला कित्येक महिने लागतात, ती गोष्ट निराळी.

या सगळ्यात सप्टेंबर उजाडला आणि बाजारात टोमॅटोचे भाव कोसळले. गच्चीवर पहिलं फळ तांबूस होत होतं आणि खाली हातगाडीवर तेच फळ ढिगानं पडलं होतं. अस्सल शेतकऱ्याच्या वाट्याला येणारा हा अनुभव त्यांना पहिल्याच हंगामात मिळाला. काकूंनी फ्रिजवरचं कात्रण काढून त्या जागी दूधवाल्याचं बिल लावलं.

दुसरा माणूस थांबला असता. यांनी पीक बदललं. ‘टोमॅटोत काही राम नाही. नगदी पीक म्हणजे स्ट्रॉबेरी.’ त्यांनी घरबसल्या बियाणं मागवलं. पाकिटावर निळ्याशार स्ट्रॉबेरीचं चित्र होतं. निळी स्ट्रॉबेरी जगात कुठेच पिकत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ‘तुम्ही निराशावादी आहात,’ ते म्हणाले. त्या पाकिटातून उगवलेल्या गोष्टीची काकूंनी पातळ भाजी केली आणि ती बरी झाली होती.

मग भिलारची वारी झाली. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यातली स्ट्रॉबेरी म्हणजे घरचं कार्य. तिला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथे बियाणं कुणी पेरत नाही. परदेशातून मातृरोपं येतात, पावसाळ्यात त्यांच्या धावत्या फांद्यांना मुळं फुटवून रोपं करतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ती गादीवाफ्यावर लावतात. स्वीट चार्ली, विंटर डॉन, कॅमरोसा, अशी एकेकाची नावं. बागायतदार विंटर डॉन घेऊन आले आणि हाताला लागलेली माती न धुता दोन तास सोसायटीच्या बाकावर बसले. लावताना त्यांनी रोपाचा मधला कोंब प्रेमानं मातीत गाडला, गाडला की तो कुजतो. वॉचमननं आयुष्यात स्ट्रॉबेरी लावली नव्हती, पण कोंब पुरायचा नाही एवढं त्याला कळत होतं. रात्रपाळीत ती रोपंही वर उचलली गेली.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. राज्यात द्राक्ष-कांद्याची हानी झाली, शासनानं पंचनाम्यांचे आदेश दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी बागायतदार आमच्या दारात उभे. ‘साक्षीदार म्हणून सही करा.’ हातात पंचनामा, त्यांच्याच बँकेतल्या सुवाच्य अक्षरात: बाधित क्षेत्र, चार गुणिले सहा फूट, नुकसान, टक्के साठ. ई-पीक पाहणीच्या अॅपवर गच्चीचा गट क्रमांक काय टाकायचा, असं त्यांनी तलाठ्याला फोन करून विचारल्याचंही कानावर आलं. तलाठी काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही.

जानेवारीत थंडी चांगली पडली आणि स्ट्रॉबेरी लागली. लालबुड्या बुलबुलाला ते आमच्याआधी कळलं. त्याला घाबरवायला गच्चीवर चकाकणाऱ्या सीड्या टांगल्या. त्यातली एक मुलीच्या लग्नाची निघाली, म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. बुलबुल त्या सीडीवर बसून खाली बघत असे. जे फळ वाचलं ते बशीत ठेवून सुरीनं कापलं गेलं आणि काड्या टोचून मजल्यामजल्यावर फिरलं. माझ्या वाट्याला आलेला तुकडा आंबट होता. ‘अगदी महाबळेश्वर!’ मी म्हणालो. शेजारधर्म मलाही कळतो.

टोमॅटो मात्र एव्हाना खरंच येऊ लागला होता. एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी बागायतदार नेहमीसारखी घासाघीस करत होते. ‘वीस रुपये? दहाला दे. माझ्याच घरी पिकतो.’

‘मग आणा की साहेब,’ ती म्हणाली. ‘मी घेते.’

ते खरोखर घेऊन आले, पिशवी छातीशी धरून. तिनं काट्यावर टाकले. सव्वा किलो भरले. ‘दहाचा भाव तुमच्याच तोंडचा,’ ती म्हणाली, ‘साडेबारा रुपये. हमाली, तोलाई, आडत वजा. दोन डागी आहेत, ते बाजूला. नऊ रुपये घ्या.’

बागायतदारांमधला बँकवाला जागा झाला. ‘आडत? फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घेता येत नाही. 2016 पासून नियम आहे!’

‘नियम मार्केट यार्डात, साहेब. हितं माझा काटा.’

मागे चार गिऱ्हाइकं थांबली होती. बागायतदारांनी एकेक टोमॅटो मोजून पिशवीत परत भरला, टोपी सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘विकायची घाई नाही आपल्याला. भाव वाढेपर्यंत माल रोखून धरतो.’

रोखून धरलेल्या मालाचं काकूंनी त्याच रात्री सार केलं. वाटीभर आमच्याकडेही आलं.