आधी ओल, मग रंग

जुनं घर ताब्यात आलं की नवरा-बायको सगळ्यात आधी शेड कार्ड उघडून बसतात. ओटीला कुठला रंग, माजघराला कुठला, एखादी भिंत गडद ठेवायची का. मग पीओपीवाला येतो, त्याच्या मागून टाइलवाला, आणि मेअखेर घर लखलखीत होतं. जून सरता सरता त्याच गडद भिंतीला फुगे येतात. पापुद्रे सुटतात. जमिनीलगत पांढरा खार फुलतो. गणपतीला आलेले पाहुणे जाताना सल्ला देऊन जातात : पाडा आणि नवं बांधा.

पाडायचं काही कारण नसतं. कामाचा क्रम उलटा लागलेला असतो, तो सुलटा करायचा असतो.

जुन्या घराची दुरुस्ती उघडण्यापासून सुरू होते आणि आजचा बाजार आपल्याला झाकायला शिकवतो. फॉल्स सीलिंग वासे झाकतं, टाइल कोबा झाकते, पुट्टी ओल झाकते आणि वॉलपेपर पुट्टी झाकतो. आत काय कुजतंय ते घरातल्या माणसांना कळतच नाही. स्वतःच्या हाताने घर दुरुस्त करणाऱ्या जोडप्याचा खरा फायदा मजुरी वाचण्यात नाही. आपल्या घराची कुठली भिंत कशाने भिजते, हे त्यांना माहीत होतं. हे ज्ञान कंत्राटात मिळत नाही.

आम्ही दोघं सासरचं कोकणातलं घर असं सावरतो आहोत. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, सागवानी वासे, ओटीवर लाल कोबा. त्यातून जे शिकलो ते क्रमाने मांडते.

पहिलं काम छपराचं. रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्याच्याशी लढायला आपल्याकडे आहे ते भाजक्या मातीचं एक पातळ कौल. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि ही खाचेची कौलं साऱ्या किनाऱ्यावर पसरली. चौरस मीटरला साधारण 15 कौलं लागतात. एकाची खाच दुसऱ्यात अडकते. म्हणून एक फुटलं तरी नुकसान त्या एकट्याचं राहत नाही : पाणी रिपेवर जातं, रीप कुजते, पाणी वाशात उतरतं आणि वाशाच्या टोकातून भिंतीत शिरतं. खाली भिंत रंगवत बसलेल्या माणसाला वरच्या फुटक्या कौलाचा पत्ताच नसतो.

शोधायची रीत सोपी आहे. भर दुपारी माळ्यावर चढायचं, दिवे बंद, झरोका बंद. जिथून उन्हाची तिरीप आत येते, तिथे खालच्या वाशावर खडूने खूण करायची. पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा वर जायचं आणि ज्या वाशांवर काळपट ओघळ दिसतील तिथे दुसरी खूण. या दोन खुणा जुळल्या की दुरुस्ती कुठे करायची ते ठरलं. मे महिन्यात कौलं परतायची जी जुनी पद्धत होती, ती याचसाठी होती. आता वानरं कौलं फोडतात, परतणारी माणसं मिळत नाहीत, म्हणून गावंच्या गावं पत्र्याखाली गेली. त्या लोकांची अडचण खरी आहे, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण ज्यांची कौलं अजून शाबूत आहेत त्यांनी पत्रा घालण्याआधी एकदा माळ्यावर जाऊन खुणा कराव्यात. बऱ्याच ठिकाणी रोग चार-दोन कौलांचा असतो आणि शिक्षा साऱ्या छपराला होते.

दुसरं काम लाकडाचं. वासा मधोमध धडधाकट दिसतो, तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. कुजणं सुरू होतं ते टोकाला, जिथे तो भिंतीत शिरतो तिथे, कारण तिथे वारा लागत नाही. जाड पेचकस घ्या आणि टोकाजवळ दाबून बघा. चांगल्या सागात तो शिरत नाही, नुसता व्रण उमटतो. कुजक्यात तो पेरभर आत जातो आणि ओलसर भुसा घेऊन बाहेर येतो. वाळवी असेल तर भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसतात. नळी पुसून टाकली म्हणजे वाळवी गेली असं नाही. ती जमिनीतून कुठल्या वाटेने चढली ते शोधावं लागतं. किनाऱ्यावर लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावायची चाल आहे आणि ते काम करतं, मात्र ते तेल कातडी जाळतं. हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नये.

तिसरं काम भिंतीचं, आणि इथे मला सगळ्यात जास्त राग येतो.

जांभा छिद्राछिद्रांचा दगड आहे. पाणी पितो आणि वारा लागला की सोडतो. जुन्या लोकांनी तो चुन्यात बांधला, चुन्याने लिंपला. चुन्याचा गिलावाही पाणी अडवून धरत नाही, बाहेर जाऊ देतो. अशी भिंत पावसाळ्यात भिजते आणि दिवाळीनंतर सुकते. हा तिचा वर्षाचा क्रम आहे. आपण काय करतो? चुना खरवडून सिमेंटचा गिलावा चढवतो. जमिनीतून भिंतीत चढलेलं पाणी आता पुढून बाहेर पडू शकत नाही, मग ते आणखी वर चढतं, आणि बरोबर नेलेलं मीठ गिलाव्याच्या मागे साठवत राहतं. ते मीठ स्फटिक होऊन फुगतं तेव्हा गिलावा पोकळ होतो. बोटाने ठोकलं की ढप्प वाजतं. कंत्राटदार त्यावर उपाय सांगतो : आणखी कडक सिमेंट आणि वर वॉटरप्रूफ रंग. म्हणजे ओल्या माणसावर रेनकोट घालून बटणं लावायची.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 मध्ये इंग्लंडात घेतलं. आपल्या देशात पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट येऊ लागलं ते 1914 मध्ये. आजी-आजोबांची घरं उभी राहिली ती त्याच्याशिवाय. सिमेंट वाईट नाही. स्लॅबला, टाकीला, नव्या खांबाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण चुन्याच्या भिंतीवर ते शत्रूसारखं वागतं, आणि हे सांगायची जबाबदारी ज्या दुकानदारांची, कंत्राटदारांची आहे ते ती पाळत नाहीत. गोणी विकली की त्यांचं काम संपतं. भिंत आपली असते.

ओल कुठून येते हे स्वतः तपासा. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल हातभर कापा, भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोनेक दिवसांनी काढा. थेंब भिंतीच्या बाजूने आले असतील तर पाणी भिंतीतलं आहे. खोलीच्या बाजूने आले असतील तर ते हवेतलं आहे आणि तुम्हाला गिलाव्यापेक्षा खिडकी उघडी ठेवायची गरज आहे. या तपासणीला खर्च नाही. तरी हजारो रुपयांचं रसायन फासण्याआधी ती कुणी करत नाही.

चुना हाताळणं दोघांना जमण्यासारखं आहे, घाई मात्र चालत नाही. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी उकळू लागतं. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे, पोरं लांब. विझलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरू द्यायचा, मग लोण्यासारखा मऊ होतो. 1 भाग चुन्याला 3 भाग वाळू, आणि वाळू खाडीची नको, नाहीतर जे मीठ घालवायचं तेच आपण हाताने भिंतीत भरू. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा घालत. गिलावा पातळ थरांत, भिंत आधी भिजवून, उन्हाची तिरीप लागू न देता. सिमेंट पाण्याशी जुळून काही तासांत आवळतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत महिनोन् महिने कडक होतो आणि शेवटी पुन्हा चुनखडीच होतो. सुट्टीच्या दोन दिवसांत घर ‘करून’ परत जायचं असेल तर चुन्याच्या वाटेला जाऊ नये.

आता एक गोष्ट दोघांमधली. दुरुस्तीत नवऱ्याचं आणि बायकोचं काम जगाने आधीच वाटून ठेवलेलं असतं. वाळूचं प्रमाण मी विचारायचं आणि उत्तर नवऱ्याच्या तोंडाकडे बघून मिळायचं, हे मी दुकानांतून आणि कामावरही सोसलं आहे. ‘वहिनी, तुम्ही फक्त रंग सांगा, बाकीचं आम्ही बघतो.’ हे वाक्य बंद झालं पाहिजे. भिंतीपाशी दिवस काढते ती बाई. ओल कुठे आधी दिसते, कुठल्या कोपऱ्यात डाळीच्या डब्याला बुरशी येते, मोरीचं पाणी कुठे मुरतं, हे तिला माहीत असतं. तिला रंगापुरतं ठेवणारा कंत्राटदार आपल्याच कामाची अर्धी माहिती फेकून देतो. आमच्या घरी चुना माझ्याकडे आहे. पडद्यांना शिलाई त्याने मारली. घर दोघांनी सावरायचं तर हत्यारंही दोघांची हवीत.

स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं नव्हे. तीन ठिकाणी मी ठाम आहे.

वीज. लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरी, अर्थिंग नाही, आणि त्यावर गीझर नि फ्रिज. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. त्याला 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी बसवायला सांगा आणि रंगाचे पैसे कमी पडले तरी चालतील, पण यात काटकसर नको.

भार. मधली भिंत काढून ‘हॉल मोठा’ करायची हौस फार. जुन्या घरात वरचा सगळा भार भिंतींवर असतो. कुठली भिंत काय पेलते हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याखेरीज घण उचलू नये. भिंतीला तडा असेल तर त्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने पक्की करा आणि शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. तेव्हा पुट्टी भरू नका, माणूस बोलवा.

आणि शिसं. दारंखिडक्यांवरच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये ते असू शकतं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांचा भरवसा देता येत नाही. असं दार कोरडं घासलं तर धूळ लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूला इजा करते. ओलं करून घासा, फडक्याने पुसा, आणि मुलांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी ठेवा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम पुढे ढकला.

एवढं झालं की सजावट. तोपर्यंत बरीचशी सजावट झालेलीच असते, कारण ती घरात आधीपासून होती. ऑइलपेंट निघाला की दाराचा साग दिसतो. टाइल बसवायला निघालेल्या माणसाला थांबवून ओटी घासली तर लाल कोबा वर येतो. नारळाच्या तेलाचा हात फिरवत राहिलं की तो असा चमकतो की त्यावर गालिचा टाकवत नाही. भिंतीवर काही हवंच असेल तर कावी चित्रांकडे बघा. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारकडच्या मंदिरांत ती आहेत. चुन्याचा पांढरा ओला गिलावा, त्यावर तांबड्या कावेचा थर, आणि टोकदार हत्याराने तो खरवडून आतला पांढरा वर आणायचा. आपल्याच मातीतली, आपल्याच चुन्यावर बसणारी ही नक्षी सोडून आपण परदेशी जंगलाचा प्लास्टिक वॉलपेपर आणतो, याचं मला वाईट वाटतं.

हे सगळं माहीत असलेली माणसं अजून आहेत. प्रत्येक पंचक्रोशीत एखादा सत्तरीतला गवंडी असतो ज्याने घाणीत मळलेला चुना पाहिला आहे, एखादा सुतार असतो जो वाशाचं कुजकं टोक कापून नवं टोक जोडू शकतो. त्यांना कुणी बोलवत नाही, म्हणून त्यांची मुलं टाइल लावायला शिकली. जुनं घर सावरू पाहणाऱ्या जोडप्यांनी शेड कार्डाआधी या माणसांचा पत्ता शोधावा. त्यांना काम देऊन निघून जाऊ नका. त्यांच्या शेजारी उभे राहा, थापी हातात घ्या, प्रमाण विचारा, लिहून ठेवा. आणि मजुरी ठरवताना घासाघीस करू नका. ते गिलावा करताहेत आणि शिकवतही आहेत, तेव्हा दोन्हींचे पैसे द्या.