राजाची केस

(पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. संध्याकाळ. सासरे आरोग्य खात्यातून निवृत्त. उमेदीची सगळी वर्षं कुटुंबनियोजनाच्या प्रचारात गेली, चावडीवर, आठवडी बाजारात, जत्रेत. सून एका कंपनीत अकाउंट्स बघते. सासूबाई भजनाला गेल्यात. मुलाने ‘बाबा म्हणतील तसं’ म्हणून अंग काढून घेतलंय आणि तो ऑफिसात सुखरूप आहे. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो राजा वय वर्षे साडेसहा, अर्धा लॅब्रडॉर, उरलेला अर्धा कोण ते ठाऊक नाही. पंख्याखाली उताणा झोपलाय, त्यामुळे चर्चेचा विषय सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.)

सून : बाबा, डॉक्टरीणबाई तारीख विचारतायत.

सासरे : कसली?

सून : राजाच्या ऑपरेशनची.

सासरे : (पेपर तोंडासमोर धरून) जरा हळू. तो ऐकतोय.

सून : ऐकू दे की. त्याचंच आहे.

सासरे : तसं नव्हे गं. काही गोष्टी अशा चारचौघांत...

सून : चारचौघं कुठे आहेत? तुम्ही, मी आणि तो. आणि आई तर सांगतात, तुम्ही जीपला लाउडस्पीकर बांधून भर बाजारात निरोधचं प्रात्यक्षिक करायचात.

सासरे : ते सरकारी काम होतं. हे घरातलं आहे.

सून : बरं, मग सरकारी पद्धतीने बोलू. केस काय आहे ते सांगते. गेल्या भाद्रपदात हा दोनदा पळाला. एकदा दूधवाल्याच्या पायांतून, एकदा तुमच्या.

सासरे : माझा पाय घसरला होता.

सून : दुसऱ्या वेळी सकाळी परत आला तो कान फाडून घेऊन. चार टाके पडले. आणि पलीकडच्या सोसायटीत वॉचमनच्या खोलीमागे चार पिल्लं झालीत. चौघांचाही पुढचा डावा पाय पांढरा.

सासरे : (राजाच्या पुढच्या डाव्या पायाकडे न बघता) पांढरे पाय पुष्कळ कुत्र्यांचे असतात.

सून : वॉचमन मला ‘ताई’ म्हणायचा, आता ‘आजी’ म्हणतो.

सासरे : अगं पण भाद्रपद वर्षातून एकदाच येतो. तेवढा एक महिना दाराला कडी लावू.

सून : भाद्रपद माणसांच्या पंचांगातला. कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि आपल्या गल्लीत कुत्र्या नऊ. तुम्हीच करा हिशोब.

(सासरे हिशोब करतात. नोकरीत लक्ष्यपूर्तीचे तक्ते भरलेला माणूस; आकडे मनातल्या मनात भराभर जुळतात आणि चेहरा पडतो.)

सासरे : पण ऑपरेशनने पळणं थांबतं कशावरून?

सून : सगळ्यात जास्त तेच थांबतं. कॅलिफोर्नियात मोठ्या वयाच्या नर कुत्र्यांचा अभ्यास झाला होता. भटकणं दहांपैकी नऊ जणांचं कमी झालं. दुसऱ्या नरांशी मारामाऱ्या, उशीवर चढणं वगैरे...

सासरे : वगैरे पुरे.

सून : ...ते साठ-पासष्ट टक्क्यांचं. आणि घरात जागोजागी टांग वर करणं निम्म्यांचं.

सासरे : कधीचा अभ्यास?

सून : १९७६.

सासरे : (पेपर खाली) शहात्तर? म्हणजे इकडे आम्ही माणसांच्या मागे धावत होतो आणि ते तिकडे कुत्र्यांच्या! त्या साली आपल्या विधिमंडळाने बिल पास केलं होतं, ठाऊक आहे? तीन मुलं झाली की ऑपरेशन सक्तीचं. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून राहिलं. मी नवा नवा नोकरीला. केसेस आणा, नाहीतर पगार विसरा. बांधावरून माणसं आम्हाला बघून उसात शिरायची. सत्त्याहत्तरला सरकार पडलं तेव्हा मी शपथ घेतली, ज्याची संमती नाही त्याची केस करायची नाही. मोडली नाही कधी. आता सांग, राजाची संमती कुठाय?

सून : गळ्यात पट्टा घातला तेव्हा घेतली होती? रेबीजच्या इंजेक्शनला चौघांनी धरावं लागतं, तेव्हा घेतो?

सासरे : ते त्याच्या भल्यासाठी.

सून : आणि तुमच्या गावचे बैल? पोळ्याला ज्यांच्या शिंगांना बेगड लावता, पुरणपोळी भरवता, ते सगळे बडवलेले. तेव्हा नाही कोणी संमतीचं काढलं.

सासरे : (गप्प. मग हळू आवाजात) बैलाला नांगर ओढायचा असतो. राजाला कुठे नांगर ओढायचाय?

सून : तेच म्हणते मी. त्याला काही कामच नाही, तर ही हत्यारं कशाला?

(इथे सासरे चष्मा पुसतात. पुरुषमाणूस निरुत्तर झाला की त्याचा चष्मा फार मळतो.)

सासरे : तुला एक शास्त्रीय गोष्ट सांगतो. आम्ही करायचो ती नसबंदी. माणूस आहे तसा राहतो. आवाज तोच, मिशा त्याच, सगळं तेच. फक्त नळी बांधायची. हे लोक सबंध टाकीच उतरवतात!

सून : कुत्र्याचीही नुसती नस बांधता येते. विचारलं मी.

सासरे : (उठून बसत) मग झालं तर! तेच करू! बिनटाक्याची!

सून : पिल्लं थांबतील. बाकी सगळं तसंच. पळणं, मारामाऱ्या, भाद्रपद. तो पळणार, कान फाडून घेणार, गाडीखाली येता येता वाचणार, फक्त मागे पांढरे पाय ठेवणार नाही. आपल्याला काय फायदा?

सासरे : त्याला फायदा आहे.

(राजा झोपेत पाय झाडतो. एकाच वॉर्डातले दोन पेशंट एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने सासरे त्याच्याकडे बघतात.)

सासरे : बरं, आणि स्वभावाचं काय? माझ्या ऐकण्यात आहे, कुत्रा मवाळ होतो म्हणून. मग राखण कोण करणार?

सून : गॅसवाल्यावर भुंकायचं थांबणार नाही तो. ते भुंकणं या गोष्टीतून येतच नाही.

सासरे : मग कशातून येतं?

सून : भीतीतून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जो मुळात भित्रा त्याच्यात याने सुधारणा होत नाही. कधीकधी वाढतंसुद्धा.

सासरे : (टाळी देण्यासाठी हात पुढे करून, मग सून आहे हे आठवून मागे घेत) बघ! तुझ्याच डॉक्टरीणबाई! मुद्दा संपला.

सून : मुद्दा गॅसवाल्याचा संपला. मी कधी म्हटलं की गॅसवाल्यासाठी करतेय?

सासरे : आणि जाड होतात म्हणे.

सून : होतात. भूक वाढते, खर्च कमी होतो. खाणं कमी करावं लागतं. म्हणजे तुमच्या चहाबरोबरची त्याची ग्लुकोजची बिस्किटं बंद.

सासरे : दोनच तर देतो.

सून : दोन तुम्ही घेता. तो पाच घेतो.

सासरे : आणि हाडं? कुणीतरी म्हणत होतं, सांधे खराब होतात.

सून : मोठ्या जातीच्या कुत्र्यांचं एक वर्षाच्या आत केलं तर तो धोका जास्त, कारण हाडं वाढत असतात. राजा साडेसहाचा आहे. वाढायचं होतं ते वाढून झालं.

सासरे : (आवाज खाली आणून) एक सांग. नंतर तिथे... दिसायला... म्हणजे लोकांना कळतं का?

सून : कोणत्या लोकांना?

सासरे : सकाळी बागेत आमचा ग्रुप असतो. कर्नल येतात त्यांचा जर्मन शेफर्ड घेऊन.

सून : (हसू दाबत) अमेरिकेत त्याची सोय आहे, बाबा. सिलिकॉनची बसवून मिळतात. १९९५ पासून विकतोय एक माणूस. त्याला २००५ साली इग्नोबेल, म्हणजे ते गमतीचं नोबेल, मिळालं, वैद्यकशास्त्राचं.

सासरे : (अत्यंत गंभीरपणे) केवढ्याला पडतात?

सून : बाबा, राजा आरशात बघत नाही.

सासरे : कर्नल बघतात ना.

(ही चर्चा एका कुत्र्याबद्दल आहे असं लेखक अजूनही मानून चालला आहे.)

सून : आता शेवटचं सांगते. हे काल तुमच्यासमोर म्हटलं नाही, तुम्हाला लागेल म्हणून. गेला महिनाभर त्याला शी करताना कुंथावं लागतंय. चपटी होते, रिबिनीसारखी. परवा लघवीला रक्ताचे थेंब होते. काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली. प्रोस्टेट वाढलंय त्याचं.

(मोठी शांतता. सासऱ्यांचा हात आपोआप खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटाकडे जातो.)

सासरे : त्याचंही?

सून : त्याचंही. म्हातारपणी असं प्रोस्टेट वाढण्याचा मान माणूस आणि कुत्रा सोडला तर फारशा कोणाला नाही म्हणे.

सासरे : किती वेळा उठतो रात्री?

सून : दोनदा.

सासरे : मी तीनदा. (राजाकडे बघत) अरे, सांगायचंस रे. मला वाटायचं, माझ्या सोबतीला उठतोस. पण मग यावर गोळी आहे! मी घेतोच की.

सून : तुमची गोळी नुसती वाट मोकळी करते. आकार कमी करणारी वेगळी, फिनास्टेराइड. ती पुरुषांना देतात आणि कुत्र्यांनाही देतात.

सासरे : मग ती द्या.

सून : बंद केली की पुन्हा वाढतं. म्हणजे जन्मभर. आणि ज्याने वाढतं ते मूळच काढलं तर काही आठवड्यांत प्रोस्टेट निम्म्याहून कमी होतं. चार्ल्स हगिन्स म्हणून सर्जन होते, त्यांनी हा प्रोस्टेटचा आणि त्या हार्मोनचा संबंध कुत्र्यांवरच अभ्यासला. पुढे माणसांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर उपचार काढला. १९६६ चं नोबेल मिळालं. खरं नोबेल.

सासरे : म्हणजे कॅन्सरही टळतो?

सून : नाही. कुत्र्याचा प्रोस्टेटचा कॅन्सर याने टळत नाही, ते साफ सांगितलंय डॉक्टरीणबाईंनी. साधी वाढ टळते, तिथला जंतुसंसर्ग कमी होतो, आणि जो अवयवच नाही त्याचा कॅन्सर होत नाही, एवढंच.

सासरे : (बऱ्याच वेळाने) मला डॉक्टरांनी हा उपाय कधी सुचवला नाही.

सून : सुचवायला सांगू?

सासरे : नको. गोळीने फरक आहे.

(सून चहा टाकायला उठते. सासरे मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात, कारण मुद्दे संपले की सोबत लागते.)

सासरे : तुझ्या सासूबाईंचं काय म्हणणं?

सून : विचारलं सकाळी.

सासरे : मग?

सून : म्हणाल्या, ‘त्याला एवढं विचारताय? मला कुठे कोणी विचारलं होतं?’

सासरे : ...

सून : देशात लग्न झालेल्या शंभरांतल्या ३८ बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं, बाबा. पुरुषांचं ०.३ टक्के. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे आहेत. म्हटलं, तुम्ही आयुष्यभर पुरुषांच्या केसेस आणल्यात, तर घरात निदान...

सासरे : तेव्हा मी सारखा दौऱ्यावर. विश्रांती मिळाली नसती. सायकल चालवायची असायची.

सून : नसबंदीनंतर सात दिवसांनी सायकल चालवता येते, शेतात कामही करता येतं. तुमच्याच भाषणात असायचं ना? आईंना पाठ आहे ते.

(दूध उतू जातं. दोघांनाही बरं वाटतं.)

सासरे : (फडकं पुढे करत) करू या राजाचं. पण माझ्या अटी आहेत. रक्ताच्या तपासण्या आधी. भूल कोण देणार ते मला कळलं पाहिजे.

सून : सगळं ठरलंय. आदल्या रात्रीपासून उपास, टाके दहा-बारा दिवसांनी, तोवर गळ्यात ते प्लॅस्टिकचं फनेल.

सासरे : फनेल घालून बागेत नेणार नाही मी. पहाटे पाचला नेतो. कर्नल सहाला येतात.

सून : चालेल. आणि एक, ऑपरेशन झालं तरी पुढचा महिनाभर त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात. आधीचं शिल्लक असतं म्हणे.

सासरे : (पहिल्यांदाच खुलून) हे मला सांगतेस? आम्ही तीन महिन्यांचा निरोध मोफत द्यायचो केसला! बरोबर लिहून, मोजून!

सून : राजाला कडीच लावू.

सासरे : आणि प्रवर्तक म्हणून नाव तुझं घाल. आमच्यात जो केस आणेल त्याला मानधन असायचं.

सून : किती?

सासरे : ते जाऊ दे. लाव फोन. नाही, थांब, मीच बोलतो. तुला नाही जमायचं, या गोष्टी पद्धतशीर सांगाव्या लागतात. (घसा साफ करून) हॅलो. नमस्कार. एक केस नोंदवायची होती... हो, पुरुष... साडेसहा... नाही, महिने नाही, वर्षं... राजा. आडनाव? लावा आमचंच... नाही, अविवाहित... काय म्हणालात? पूर्वी कधी... (सुनेकडे पाठ करतात) हो. तसं झालेलं आहे... हयात अपत्ये चार. शेवटचं तीन महिन्यांचं... हो, पांढरा पाय... नाही हो, पत्नीची सही कुठून आणू? तो रकाना कोरा सोडा.