कोरड्या गोदीतला कप्तान

लाकडी जहाजांची किट जोडणारा माणूस ओळखायला सोपा. अंगठ्यावर वाळलेल्या गोंदाचा पापुद्रा, कपाळावर दुसरा चष्मा, आणि तुमच्याशी बोलताना नजर तुमच्या शर्टाच्या बटणावर. यात तुमचा अनादर नसतो. सुकाणूच्या चाकासाठी ते बटण चालेल का, एवढाच हिशेब मनात चाललेला असतो.

या जमातीतले एक गृहस्थ मुलुंडला आमच्या सोसायटीत राहतात. सगळे त्यांना कप्तान म्हणतात. खऱ्या पाण्याशी त्यांचं फारसं जमत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाईपर्यंत त्यांना बोट लागते. नोकरी केली ती कारखान्यात, क्वालिटी कंट्रोलला. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू टेबलावर यायच्या, हे त्यांना मोजायचे आणि नापास करायचे. सबंध हयात यात गेली. निवृत्तीनंतर हा गुण घरात उतरला. पोळीचा व्यास, पडद्याची झालर, इस्त्रीवाल्याने मोडलेली घडी यांवर अहवाल निघू लागले. तेव्हा वहिनींनी अमेरिकेतल्या लेकीला फोन केला, ‘बाबांना काहीतरी विरंगुळा पाठव.’

विरंगुळा खोक्यातून आला. इटालियन कंपनीचं किट होतं, मिसिसिपी नदीवरच्या ‘रॉबर्ट ई. ली’ या आगबोटीचं. खरी बोट इंडियानातल्या न्यू ऑल्बनी गावी 1866 मध्ये बांधलेली, दोन्ही कुशींना एकेक भलंमोठं चाक असलेली, 285 फूट लांब. किट 1:150 प्रमाणात, म्हणजे तयार बोट दोन फुटांना थोडी कमी. खोक्यावर धूर सोडत निघालेल्या बोटीचं झोकदार चित्र होतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘अनुभवी व्यक्तींसाठी’ असा इशारा. कप्तानांनी तो इशारा प्रशस्तिपत्रकासारखा वाचला.

खोकं उघडलं तेव्हा आत लेझरने कापलेले प्लायवुडचे सांगाडे, लाइम आणि अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्यांच्या जुड्या, दोऱ्याची रिळं, चिमटीतून निसटण्यासाठीच बनवलेले पितळी खिळे आणि डबल बेड झाकतील एवढी ड्रॉइंग्ज निघाली. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या.

“अहो, यात बोट कुठे आहे?”

“बोट आपण करायची.”

“मग त्यांनी पैसे कशाचे घेतले?”

या प्रश्नाला कप्तानांनी आजवर उत्तर दिलेलं नाही.

सोबत एक माहितीपुस्तक होतं, इटालियनमधून इंग्रजीत येताना वाटेत दमलेलं. दोन फळ्या एकमेकींना कशा चिकटवाव्यात हे त्यात सहा चित्रांनी समजावलं होतं. चाकं मात्र एका वाक्यात उरकली होती: तयार करून जागेवर बसवावीत. या एका वाक्यावर कप्तानांची उमेदीची निवृत्ती खर्ची पडली आहे. मधला तुंबा, त्यातून निघणारे काडीएवढे आरे, आऱ्यांना जोडणाऱ्या कड्या, कड्यांवर समान अंतरावर पाणी मारणाऱ्या फळ्या, आणि हे सगळं दोनदा, एकमेकांशी तंतोतंत जुळणारं. चाक पुरं झालं की कप्तान ते रात्रभर वाळू देतात. सकाळी चहा घेतात, चष्मा बदलतात, व्हर्नियर कॅलिपर काढतात आणि नापास करतात.

खरी गोम इथेच आहे. एरवी बनवणारा एक असतो आणि तपासणारा दुसरा, म्हणून जगात वस्तू तयार होतात. इथे दोघे एकाच खुर्चीत बसतात आणि दोघांचं पटत नाही. नापास चाकांसाठी एक डबा आहे, पूर्वी त्यात चकल्या असायच्या. “माझी चकलीसुद्धा इतकी गोल होत नाही हो,” वहिनी कळवळून सांगतात. त्यावर कप्तान म्हणतात, “चकलीला टॉलरन्स असतो.” एकदा तर त्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या टर्नरला फोन लावून विचारलं, “पाव मिलिमीटर चुकतं कसं रे?” पलीकडून बराच वेळ फक्त हसण्याचा आवाज येत होता. या टर्नरचा माल साहेबांनी याच पाव मिलिमीटरपायी कितीदा परत पाठवला होता, त्याची मोजदाद दोघांकडेही नाही.

घरातल्या वस्तूंचीही यथावकाश बदली झाली. पट्टी पाण्यात भिजवायची, वाकवायची, उष्णता द्यायची आणि सांगाड्याला चिकटवून दाबून धरायची. उष्णतेसाठी इस्त्री गेली, दाबून धरायला वहिनींच्या दोरीवरचे चिमटे गेले. तेव्हापासून कप्तानांचे टॉवेल वारा सुटला की पहिल्या मजल्यावर सापडतात. जुलैत हवा इतकी दमट की लाकूड फुगतं आणि सांधे असे बसतात की कप्तान गाणी गुणगुणतात. डिसेंबरात तेच लाकूड आक्रसतं, फटी पडतात, मग लांबी भरा, पॉलिश पेपर मारा. शेजारचा नातू एकदा विचारायला आला, “आजोबा, ही पाण्यात तरंगणार?” कप्तानांनी त्याला हात पुसूनच आत घेतलं.

1:150 हा आकडा त्यांच्या अंगात मुरला आहे. साडेपाच फुटांचा माणूस त्यांना अकरा मिलिमीटरचा दिसतो आणि ते त्याच्याशी तसंच वागतात. एकदा वहिनींनी कौतुकाने आपल्या पोतीतला काळा मणी दाराच्या मुठीसाठी देऊ केला. कप्तानांनी गुणाकार केला. “एक मिलिमीटरचा मणी म्हणजे पंधरा सेंटिमीटरची मूठ. दाराला काय नारळ बसवू?” वहिनींनी मणी परत ओवला आणि तीन दिवस बोट हा विषय काढला नाही. कप्तानांना ते तीन दिवस कामाच्या दृष्टीने फार चांगले गेले.

पाहुणा आला की चहाच्या आधी 1870 ची शर्यत येते. 30 जूनला ‘रॉबर्ट ई. ली’ आणि ‘नॅचेझ’ न्यू ऑर्लीन्सहून सेंट लुइसकडे सुटल्या. नदीच्या वळणांनी सुमारे 1,200 मैल, तेही प्रवाहाविरुद्ध. ‘नॅचेझ’च्या कप्तान लेदर्सने नेहमीसारखा माल आणि उतारू घेतले. ‘ली’च्या कप्तान कॅननने माल नाकारला, बोटीवरचं जे काढता येईल ते काढून ठेवलं, आणि कोळशासाठी धक्क्याला लागण्याऐवजी कोळशाचे पडाव भर नदीत कुशीला बांधून चालत्या बोटीवर कोळसा चढवला. 3 दिवस 18 तास 14 मिनिटांत, 4 जुलैला, ‘ली’ पहिली पोचली.

“म्हणजे सगळं उतरवून ठेवलं म्हणून जिंकला,” एक पाहुणा म्हणाला.

“अगदी बरोबर!”

“आणि तुम्ही एकेक करून चढवत चाललाय.”

त्या पाहुण्याला चहा बिनसाखरेचा मिळाला. तो मधुमेही असल्यामुळे शिक्षा वाया गेली.

पुण्याचे एक मित्र नेल्सनची ‘व्हिक्टरी’ बांधतात. शिडवाले आणि चाकवाले यांच्यात या छंदात जुनं वैर आहे. शिडवाल्यांच्या मते चाकाची आगबोट म्हणजे तरंगता वाडा, ती बांधायला समुद्र कळावा लागत नाही. दर रविवारी फोनवर वाद झडतो आणि पुणेकर शेवटी 1845 काढतात. त्या साली ब्रिटिश आरमाराने मळसूत्री पंख्याची ‘रॅटलर’ आणि चाकाची ‘अलेक्टो’ यांच्यात रस्सीखेच लावली होती. ‘अलेक्टो’ची चाकं जिवाच्या आकांताने फिरत होती आणि ‘रॅटलर’ तिला उलटी ओढून नेत होती. “समुद्रात ठीक आहे,” कप्तान ओरडतात, “तुमचा पंखा तीन-चार फूट पाण्यात आणून दाखवा, चिखलात रुतेल! आमची दोन चाकं, एक पुढे एक मागे फिरवली की बोट जागच्या जागी वळते!” हे ओरडताना दुसऱ्या हातात एक चाक असतं. पुढचा आठवडा ते दुरुस्त करण्यात जातो.

परक्या नदीची बोट बांधताना मुंबईचा अभिमान मात्र शाबूत आहे. चाकाची ‘ह्यू लिंडसे’ मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली बांधली गेली, 1829 मध्ये पाण्यात उतरली आणि 20 मार्च 1830 ला सुएझला निघाली. कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडनपर्यंतच अकरा दिवस. मग उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला आणि बोट नेली. तिचं किट कोणी का काढत नाही, हे कप्तानांचं दुःख आहे. वहिनींना ही गोष्ट फार जवळची वाटते. त्यांच्याकडेही पाहुण्यांच्या खोलीत गोदी आहे, पाहुणे हॉलमध्ये झोपतात, आणि पट्ट्या सपाट राहाव्यात म्हणून त्या कपाटात पैठण्यांच्या खाली ठेवलेल्या असतात.

सोसायटीच्या सभेत इमारतीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला, तेव्हा सगळे कार्पेट एरियावर भांडत असताना कप्तान उभे राहिले. मिसिसिपीच्या लांब, उथळ लाकडी बोटी यंत्रांच्या वजनाने मधोमध उचलल्या जात आणि टोकांना झुकत. उपाय म्हणून डेकवर खांब रोवून त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत लोखंडी सळया ताणून बसवत. आपल्या ‘बी’ विंगलाही तशाच सळया बसवाव्यात, इमारत पाडायची गरज नाही, असा ठराव त्यांनी मांडला. ठरावाला अनुमोदन मिळालं नाही. चिटणीसांनी इतिवृत्तात ‘सदस्यांनी जलवाहतुकीसंबंधी माहिती दिली’ असं लिहिलं.

कामाचं आता सातवं वर्ष चालू आहे. त्या नदीवरच्या आगबोटी साधारण चार-पाच वर्षंच टिकायच्या. पाण्याखालच्या बुंध्यावर आपटून फुटायच्या, बॉयलर उडायचे, नाहीतर आग लागायची. ‘ली’ नशीबवान, दहा वर्षं चालली आणि 1876 ला मोडीत निघाली. कप्तानांनी हे अभिमानाने सांगितलं आणि वहिनींनी बोटांवर हिशेब केला.

“म्हणजे खरी एव्हाना शर्यत जिंकून म्हातारी झाली असती. आपल्या बोटीला अजून जिना नाही.”

“त्यांना घाई होती,” कप्तान म्हणाले. “पैसे मिळवायचे होते.”

शेवटी इमारत पाडायचं ठरलंच, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांनी भाड्याच्या घरांत जायचं झालं. कप्तानांना भांडुपला जागा मिळाली. सामान हलवणारे आले. फ्रिज, कपाट, देवघर, सगळं त्यांच्या हवाली झालं. बोटीला मात्र कोणी हात लावायचा नाही. ती पांढऱ्या चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने जाणार असं ठरलं. शेजारी वहिनी आणि ड्रॉइंग्जची गुंडाळी धरायला मी.

मुलुंड ते भांडुप हे अंतर ‘ली’ने चहा पिता पिता कापलं असतं. आमची ली मात्र प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत होती. खड्डा दिसला की कप्तान “हळू!” ओरडायचे आणि बोटीसकट सीटवरून वीतभर उठायचे. मागून हॉर्न वाजत होते, पुढे पावसाचं पाणी साचलं होतं, आणि चादरीतून दोन उंच धुरांडी खांबांसारखी वर आली होती. रिक्षावाल्याने आरशात दोन-तीनदा बघितलं. गणपती आठवड्यावर आले होते.

“काका, मखर का?”

कप्तान श्वास रोखून डाव्या चाकाकडे बघत होते, बोलले नाहीत.

“सुंदर केलंय. दीड दिवसाचा, की पाच दिवसांचा?”

“विसर्जनाचं कुठलं काढलंत हो,” वहिनी म्हणाल्या, “इथे सात वर्षं प्रतिष्ठापनाच चाललीय.”