अफवेला परवाना लागत नाही

नोव्हेंबर 2021. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात लसीचा पहिला डोस 55 टक्क्यांच्या आसपास अडकला होता. राज्य 74 टक्क्यांवर पोचलं होतं. 36 जिल्ह्यांत आपला नंबर 26 वा. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला : किमान एक डोस नसेल तर रेशन नाही, गॅस नाही, पेट्रोल नाही.

त्या आदेशाचा मला आजही राग येतो. लस घेतली की मूलबाळ होत नाही, ही धास्ती ज्या बाईच्या मनात बसली आहे, तिचे गहू-तांदूळ अडवून ती धास्ती निघत नाही. ती डोस घेईल, पण भीतीसकट घेईल. पुढच्या साथीत आरोग्य खात्याची गाडी दिसली की शेतात निघून जाईल.

अफवा काय कमी होत्या? 2020 च्या सुरुवातीला चिकनने कोरोना होतो असं पसरलं आणि राज्यातल्या कुक्कुटपालकांनी कोंबड्या मातीमोल भावाने विकल्या. मे 2021 मध्ये नोबेलविजेते फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक मॉन्टॅनिए यांच्या नावावर मेसेज फिरला : लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरणार. ते असं बोललेच नव्हते. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने मेसेज खोटा ठरवला, पण ट्विटरवर. आमच्या कन्नड तालुक्यातल्या पिशोरला, नागदला मेसेज धाडणारा होता मेव्हणा. खुलासा करणारी दिल्ली. लोक मेव्हण्याचंच ऐकणार.

म्हणून उत्तरही ओळखीच्या तोंडून यायला हवं. सामुदायिक रेडिओ नेमका त्यासाठी आहे. 100 वॅटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, बोलणारी माणसं तिथलीच. जिल्ह्याच्या शहरात एमजीएमचं 90.8 आहे, पण तिथून साठेक किलोमीटरवरच्या कन्नडला ते ऐकू येणार नाही. घाटाखालच्या गावांचं तर नावच नको.

आणि केंद्र असलं तरी त्याच्या तोंडाला कुलूप. 2006 च्या धोरणाने सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडींची बंदी घातली. पुढे सवलत मिळाली ती आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची आणि प्रशासनाने दिलेली आरोग्यसूचना वाचण्याची. म्हणजे कलेक्टर कचेरीचा कागद वाचा. पण काल अमुक तांड्यावर लस घेतल्यावर कोण कशाने आजारी पडलं, हे स्वतः जाऊन विचारलंत आणि सांगितलंत, तर ती बातमी होते. लोकांना हवं असतं तेच, आणि नेमकी त्यालाच मनाई! व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला असली कुठलीच अट नाही.

डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सात. आशाताई माईकवर, शेजारी प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. फोन येतो : "ताई, दोन दिस ताप होता, लस बाधली का?" ताप का येतो, किती दिवस राहतो, कधी दवाखाना गाठायचा, हे ताई सांगतात. मग तेच गोरमाटी बोलीत, कारण तालुक्यात बंजारा तांडे आहेत आणि दिवाळीनंतर तिथली माणसं ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी डोस कुठे मिळेल तेही त्याच दहा मिनिटांत. हे काम भोंगा लावून फिरणाऱ्या जीपला जमत नाही; जीपला प्रश्न विचारता येत नाही.

नाशिकच्या रेडिओ विश्वासने टाळेबंदीत शाळांचे धडे प्रसारित केले, जिल्हा परिषदेच्या मुलांपर्यंत पोचवले. त्या उपक्रमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जो रेडिओ इयत्तांचे धडे पोचवतो, तो लसीबद्दलचं खरं का पोचवू शकणार नाही?

दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने साथीच्या काळापुरती तरी स्थानिक आरोग्यवार्तांवरची बंदी उठवावी. परवान्यासाठी महाविद्यालयं, कृषी विज्ञान केंद्रं, तीन वर्षं जुन्या सामाजिक संस्था अर्ज करू शकतात. कन्नडमधून असा अर्ज जायला हवा. आणि जिल्हा प्रशासनाने रेशन अडवण्यात घातली तेवढी ताकद त्या अर्जामागे उभी करावी.