साडेसहा मिलिमीटरचा दिलासा

वसई-विरारमध्ये जुन्या गाडीला कोणता टायर बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, मालक सोडून. पापडीच्या पंक्चरवाल्याला ठाऊक असतं, सोसायटीच्या वॉचमनला असतं, विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या माणसालाही असतं. त्याच्याकडे गाडी नसते. त्यामुळे त्याचं मत सगळ्यात ठाम असतं.

"सिटीला ना? एकशे पंचाहत्तर, पासष्टचा टाका, डोळे झाकून."

डोळे झाकूनच टाकला जातो. २००३ साली आलेल्या होंडा सिटीला १७५/६५ आर१४ टायर लागतो आणि २००८ साली आलेल्या सिटीला १७५/६५ आर१५. नाव तेच, पहिले दोन आकडे तेच, पण पंधराचा टायर चौदाच्या रिमवर चढत नाही. कितीही ओळखीचा दुकानदार असला तरी. म्हणजे मॉडेलच्या नावावरून टायर सांगणं हे आडनावावरून चपलेचं माप सांगण्यासारखं आहे.

गंमत अशी की उत्तर गाडीवरच लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक छोटा स्टिकर दिसेल: टायरचं माप आणि हवा किती भरायची ते. वीस वर्षांत त्याच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं, कारण आपल्याकडे दार उघडलं की माणूस आधी खाली पाहतो, पाय चिखलात पडणार की डबक्यात. स्टिकर उडाला असेल तर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात माप असतं. पुस्तक आधीच्या मालकाकडे राहिलं असेल, तर मात्र वॉचमन आहेच.

बाकी "आत्ता आहे तोच द्या" हे सगळ्यात फसवं वाक्य. आत्ता जो आहे तो कोणी बसवला? २००५ची गाडी असेल तर पाटी एमएच-०४ची. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पुढे नव्या गाड्या एमएच-४८ घेऊन फिरू लागल्या, २०१४च्या १ ऑगस्टला जिल्हा पालघर झाला आणि मधल्या काळात आपली सिटी दोन-तीन हातांतून फिरली. प्रत्येक मालकाने आपापल्या बुद्धीप्रमाणे टायर घातले. तुम्ही कॉपी करताय ती त्यांच्या बुद्धीची.

टायरवरचे आकडे वाचायला अवघड नाहीत, विचित्र आहेत. १७५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही बाजूच्या भिंतीची उंची, तीही रुंदीच्या टक्क्यांत; इथे साधारण ११४ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. १४ हा रिमचा व्यास, इंचांत. तीन वेगवेगळ्या पद्धतींची मापं एकाच टायरवर सत्तेत बसलेली, आणि तरी चाक फिरतं. महाराष्ट्राला याचं आश्चर्य वाटू नये. पुढे ८२टी असेल, तर एक टायर ४७५ किलो पेलणार आणि ताशी १९० किलोमीटरपर्यंत टिकणार. ताशी १९०! वर्सोवा पुलाच्या रांगेत काटा १९वर गेला तर गाडीत पेढे वाटावेत.

पूर्वी हा ताप नव्हता. अँबॅसडरला ५.९०-१५, फियाटला म्हणजे पुढे पद्मिनी झाली तिला ५.२०-१४. सगळं इंचांत, टक्केवारी नाही. चॉइस नसण्यात सुख असतं हे सांगणारे काका प्रत्येक वाडीत आहेत. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा त्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि एसी लावून घरी आले.

आता खरा विषय. टायरचं माप कंपनी ठरवते हा आपला गैरसमज आहे; ते खड्डा ठरवतो. जुन्या सेडानचं पोट जमिनीला लागतं. चार माणसं बसली की स्पीडब्रेकरवर खरवडल्याचा आवाज येतो आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावर लग्नातला हुंडाविरोध आठवल्याचे भाव येतात. मग टायरवाला हळूच म्हणतो, "काका, एकशे पंच्याऐंशी पासष्ट टाका. गाडी उचलून येईल."

हिशेब करू. १७५/६५ आर१४ चा एकूण व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर. १८५/६५ आर१४ चा ५९६. फरक १३. पण गाडी उचलली जाते ती व्यासाने नाही, त्रिज्येने. म्हणजे साडेसहा मिलिमीटर. जुलैतल्या खड्ड्याला हे कोणीतरी लेखी कळवायला हवं, म्हणजे तो तेवढा उथळ होईल. बदल्यात स्टिअरिंग थोडं जड होतं, पूर्ण वळवलं तर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो, आणि काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ ८२ने पळत असते. सव्वादोन टक्क्यांनी काही कोसळत नाही, तीन टक्क्यांच्या आत असलेला बदल साधारण चालवून घेतात. मात्र लोक १९५/६५ वर जातात तेव्हा फरक साडेचार टक्क्यांचा होतो. तिथून पुढे स्पीडोमीटर हा फक्त शोभेचा दिवा.

उलट दिशेचा एक पंथही आहे. त्यांच्या सिटीला सोळाच्या चकचकीत अलॉय, त्यावर पातळ पट्टीसारखा टायर. व्यास जुळतो, गणित चोख. फक्त खड्ड्याचा दणका शोषायला मधे रबर उरत नाही, म्हणून तो रिम शोषते. मग रिम ठोकून सरळ करणाऱ्याचं दुकान शोधावं लागतं. वसई-विरारमध्ये ते सापडायला फार वेळ लागत नाही.

योग्य माप मिळालं तरी नाचू नका. जुन्या गाडीचं माप फार खपत नाही, त्यामुळे तो टायर दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून, धूळ पुसत येतो. त्याच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही म्हातारं होतं. हे आकडे वाचायला वाकलात की दुकानदाराचा सूर बदलतो. "साहेब"चं "तुम्हीच बघा ना मग" होतं. बघावं. झिजलेल्या टायरची खाच चारचाकीला १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही असा नियम आहे. वय किती असावं हे मात्र आपल्याच डोळ्यांनी ठरवायचं.

आणि इतकं करूनही शंका असेल तर डिकी उघडा. छत्री, जुनी चादर, गेल्या गणपतीतलं थर्माकोल बाजूला केलं की खाली स्टेपनी दिसते. एवढ्या मालकांत तिला कोणी हात लावलेला नसला तर कंपनीने दिलेलं मूळ माप तिच्यावर शाबूत असतं, दाराच्या स्टिकरशी ताडून पाहता येतं. बाजूवर १४०५ लिहिलेलं असेल, म्हणजे २००५चा एप्रिल.

चार नवे टायर चढतात, बॅलन्सिंग होतं, अलाइनमेंट होतं. दुकानदार विचारतो, "स्टेपनी पण बदलायची?"

"नको. ती कधी वापरलीच नाही, नवी आहे."